पंप नाही, मग शाई भरायची कशी?

प्रश्न : आजोबा वालचंदनगरच्या साखर कारखान्यात हिशेबनीस होते. त्यांच्या पार्कर पेनाला ना पंप, ना खटका. निबचे जेमतेम टोक दिसते. यात शाई कशी भरायची?
– एक वाचक, वालचंदनगर

उत्तर : निबच्या वर बारीक बाण जडवलेला आहे ना? मग हे १९५६ मध्ये बाजारात आलेले पार्कर ६१. मागचा दांडा फिरवून काढा आणि आतल्या नळीचे उघडे टोक दौतीत मिनिटभर उभे धरा. समईच्या वातीत तेल चढते तशी शाई आपसूक चढते. फार देखणी युक्ती आहे ही! पण आधी वाळलेली जुनी शाई निघायला हवी. साधे पाणी बदलत चार-पाच दिवस भिजवा. गरम पाणी, स्पिरिट मुळीच नको. बाण सुटला तर जपून ठेवा.