संगणकीय माहितीसाठ्याची राखीव व्यवस्था

मुंबई उपनगर जिल्ह्यातील वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजाराचे मुख्यालय आहे. बुधवार, दिनांक २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तेथील व्यवहार थांबविण्यात आले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचार वाजता. एरवी साडेतीनला बंद होणारा बाजार त्या दिवशी पाचपर्यंत चालू ठेवावा लागला. मुदतवाढीची सूचना नेहमीची वेळ संपत आली असताना मिळाली. तोवर अनेक दलालांनी आपल्या ग्राहकांचे त्या दिवसापुरते सौदे मुंबई शेअर बाजारात, मिळेल त्या भावाने, मिटवून टाकले होते. त्या फरकाचा भुर्दंड अर्थातच लहान गुंतवणूकदारांवर पडला.

या घटनेचे वैशिष्ट्य असे की, राखीव व्यवस्था नव्हती म्हणून हा बाजार थांबला नाही. दूरसंचार वाहिन्या दोन स्वतंत्र कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या, माहितीची दुसरी प्रत जवळच्या केंद्रात क्षणोक्षणी उतरत होती, आणि तिसरे केंद्र चेन्नईस सज्ज होते. तरीही काम अडले. ते का अडले हे समजण्यासाठी माहितीसाठ्याची रचना मुळापासून पाहावी लागते.

बेरजेची युक्ती

संगणकातील माहिती फिरत्या चुंबकीय चकत्यांवर किंवा घनस्थितीतील साठवण-पट्ट्यांवर राहते. ही साधने कधी ना कधी बिघडतातच. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या मोठ्या चकतीऐवजी अनेक स्वस्त चकत्या एकत्र जोडाव्यात आणि त्यांतील एखादी गेली तरी माहिती जाऊ नये, अशी त्यांची मांडणी होती. ‘रेड’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

यामागील युक्ती वाण्याच्या खातेवहीतही सापडेल. तीन पानांवर अनुक्रमे ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत व चौथ्या पानावर त्यांची बेरीज २० लिहिली आहे, असे समजू. दुसरे पान फाटले तर २० मधून ७ आणि ९ वजा करून हरवलेला ४ परत मिळतो. संगणक साधी बेरीज न करता द्विमान अंकांची एक विशेष बेरीज करतो, एवढाच फरक. मात्र दोन पाने एकदम गेली तर ही युक्ती चालत नाही. त्यासाठी निराळ्या रीतीने काढलेली दुसरी बेरीज ठेवावी लागते.

दोन चकत्या एकदम कशा जातील, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ८ टेराबाइटची, म्हणजे ८ लाख कोटी बाइटची चकती सेकंदाला २० कोटी बाइट या वेगाने पुन्हा भरावयाची तर ४० हजार सेकंद लागतात. हे सुमारे अकरा तास झाले, आणि तेही चालू कामाचा भार नसेल तर. तेवढा वेळ उरलेल्या चकत्यांवर नेहमीपेक्षा अधिक ताण पडतो. त्या बहुधा एकाच वेळी खरेदी केलेल्या, एकाच वयाच्या असतात. मोठ्या चकत्यांच्या संचात दुहेरी बेरजेचा आग्रह धरला जातो तो यासाठीच.

नियंत्रक आणि साक्षीदार

चकत्यांवर हुकूमत चालविणारा नियंत्रकही जोडीने असतो. दोघे परस्परांना ‘जिवंत आहे’ असा संकेत सतत पाठवितात. संकेत थांबला की दुसरा नियंत्रक सर्व काम आपल्याकडे घेतो. यालाच फेलओव्हर म्हणतात.

येथे खरी मेख आहे. संकेत थांबला याचा अर्थ जोडीदार बंद पडला, की केवळ मधली तार तुटली? तार तुटली असेल आणि दोघेही स्वतःला एकमेव मालक समजून लिहू लागले, तर एकाच खात्याच्या दोन परस्परविरोधी नोंदी तयार होतात. हा प्रकार यंत्र बंद पडण्यापेक्षा वाईट. म्हणून तिसऱ्या ठिकाणी एक तटस्थ साक्षीदार-यंत्र ठेवण्याची पद्धत आहे. ज्याला साक्षीदाराचा दुजोरा मिळेल त्याने काम चालू ठेवावे, दुसऱ्याने थांबावे.

राष्ट्रीय शेअर बाजारात त्या दिवशी दोन्ही दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या अस्थिर झाल्या. अशा वेळी मुख्य केंद्रातील साठा-यंत्रणेने जवळच्या केंद्राची वाट न पाहता एकट्याने काम चालू ठेवावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तीही संगणकांना उपलब्ध होईना. सौद्यांची यंत्रणा स्वतः चालू होती, पण जोखीम तपासणारी यंत्रणा साठ्यावाचून आंधळी झाली आणि तिच्याविना सौदे होऊ देणे धोक्याचे होते. बिघाडाच्या वेळी काय करावे याचे जे तर्कशास्त्र यंत्रणेत बसविलेले होते, ते आराखड्याबरहुकूम नव्हते, असे पुढील तपासणीनंतर बाजाराने जाहीर केले.

जवळचे आणि दूरचे

मुंबई ते चेन्नई हे सरळ अंतर सुमारे एक हजार किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन परत येण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. प्रत्येक नोंदीसाठी एवढे थांबणे शेअर बाजारास परवडत नाही. म्हणून तंतोतंत प्रत जवळ ठेवतात आणि दूरची प्रत किंचित मागे राहते.

पण जवळ म्हणजे किती जवळ? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुलाब्यास तो शंभर मिलिमीटरही नव्हता. अंधेरी आणि घाटकोपर येथे दोन प्रती ठेवणारी संस्था त्या दिवशी एकाच पुरात सापडली असती. विजेचेही तसेच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा मार्गावरील एक उच्चदाब वाहिनी दुरुस्तीसाठी बंद असतानाच दुसरी बंद पडली. मुंबईस उर्वरित जाळ्यापासून वेगळे करून वाचविणारी योजनाही यशस्वी झाली नाही, आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत वीज गेली. डिझेल-जनित्र वेळेवर चालू न झालेल्या कार्यालयात तेव्हा चकत्यांची जोडी काय कामाची?

उपनगरांतील सहकारी बँका व पतसंस्था यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जोड-प्रत म्हणजे जतन केलेली जुनी प्रत नव्हे. लिपिकाने चुकून खाते पुसले, किंवा खंडणीखोर विषाणूने ते कुलूपबंद केले, तर तो बदलही जोड-प्रतीत तत्परतेने उतरतो. रोजची वेगळी, जाळ्याशी न जोडलेली प्रत त्यासाठीच लागते. ती परत उतरवून ताळेबंद जुळतो का, हे अधूनमधून पाहिल्याखेरीज तिचा भरवसा धरता येत नाही.

सेबीने मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारांसाठी नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास तीस मिनिटांत आपत्ती जाहीर करावयाची आणि त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत राखीव केंद्रातून काम सुरू करावयाचे. त्याची चाचणी म्हणून २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी खास सत्रे घेण्यात आली. दोन्ही दिवशी पहिले सत्र मुख्य केंद्रातून आणि दुसरे राखीव केंद्रातून चालले, आणि झालेले सौदे खरे होते.