पाहणे आणि करणे : व्हिडिओवरून डिझाइनचे काम शिकताना

वाचन : निर्गम 25:40, 31:1-11, 35:30-35



आपल्या वसतिगृहातील संगणकांविषयी कळल्यावर एका मंडळीच्या वडिलांनी मला विचारले, "मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्या, असे तुम्हीच सांगता आणि तुम्हीच त्यांना व्हिडिओ दाखवता. हे कसे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा अभ्यास लिहीत आहे.

निर्गमाच्या 31व्या अध्यायात बसालेलाचे नाव येते. यहूदा वंशातला हा कारागीर. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांच्या कामासाठी देवाने त्याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले, असे तेथे सांगितले आहे. डिप्लोमाच्या वर्गात आम्ही निवासमंडपाच्या लांबीरुंदीवर बरेच दिवस घालवले, पण बसालेल दोन मिनिटांत संपला. आता मुलांबरोबर काम करताना मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येतो. विशेषतः 35व्या अध्यायाकडे, कारण तेथे आणखी एक गोष्ट आहे. बसालेल आणि दान वंशातला अहलियाब या दोघांना कसब तर दिलेच, पण ते दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली. आणि त्याआधी मोशेला पर्वतावर नमुना दाखवला गेला होता. नमुना पाहिला म्हणून मंडप उभा राहिला नाही. कुणाला तरी खाली बसून एकेक पडदा विणावा लागला.

हे मला कळायला आमची एक फजिती व्हावी लागली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की दहावी-बारावी झालेल्या काही मुलामुलींना डिझाइनचे काम शिकवावे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात फ्लेक्स, लग्नपत्रिका, शाळांची प्रमाणपत्रे यांची कामे निघतात. ती करणारी दुकाने बाजाराच्या गावी आहेत आणि तेथे संगणकापुढे बसलेला मुलगा सहसा पाड्यावरचा नसतो. आम्ही एका रविवारी दुपारी उपासनेनंतर भिंतीवर पडदा लावून ओळीने बारा-तेरा व्हिडिओ दाखवले. मुले खूश होती. काही समजले का, असे विचारल्यावर सगळ्यांनी हो म्हटले. सोमवारी संगणक सुरू केला तर एकालाही साधा त्रिकोण काढता येईना. व्हिडिओतला हात इतका सराईत असतो की पाहणाऱ्याला आपल्यालाच येते असे वाटू लागते. रोज संध्याकाळी भाकऱ्या थापताना आईला पाहणाऱ्या मुलाची पहिली भाकरी कशी होते, हे सर्वांना ठाऊक आहे.

त्यानंतर आम्ही मुंबईच्या आयआयटीने तयार केलेल्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या धड्यांकडे वळलो. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने हा प्रकल्प उभा राहिला आणि केंद्र शासनाच्या शिक्षणविषयक योजनेतून त्याला पैसा मिळाला. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो. आधी तो लिहून काढतात, नवख्या माणसाला समजतो का ते तपासतात आणि मग ध्वनिमुद्रित करतात. पडद्यावरचे चित्र तेच ठेवून आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत भरला जातो. सगळेच धडे मराठीत मिळतील असे नाही, पण एकदा उतरवून घेतले की इंटरनेटविना चालतात. आमच्याकडे रेंज टेकडीवर येते, त्यामुळे ही सोय फार मोठी आहे.

पण त्यांची खरी देणगी पद्धतीत आहे. पडद्याचे दोन भाग करायचे. एका बाजूला व्हिडिओ, लहान करून. दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडे. शिक्षकाने एक कृती केली की व्हिडिओ थांबवायचा, तीच कृती आपण करायची, दोन्ही चित्रे ताडून पाहायची आणि मगच पुढे जायचे. दहा मिनिटांच्या धड्याला आमच्या मुलांना सुरुवातीला दीड तास लागत असे. तो जाऊ द्यावा. मी यात एक नियम वाढवला आहे : दुसऱ्या दिवशी तेच चित्र व्हिडिओ न लावता काढायचे. येथे बहुतेक जण अडतात, आणि जेथे अडतात तेवढाच भाग पुन्हा पाहतात.

आम्ही जे सॉफ्टवेअर शिकवतो त्याचे नाव इंकस्केप. ते विनामूल्य आहे. याच ठिकाणी मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या पहिल्या संगणकावर दुकानांत चालते तेच महागडे सॉफ्टवेअर होते, पण ते विकत घेतलेले नव्हते. एका ओळखीच्याने कुलूप तोडलेली प्रत टाकून दिली आणि मी काही विचारले नाही. एके संध्याकाळी दहा आज्ञांचा पाठ चालला असताना एका मुलाने हात वर केला. "सर, आपल्या संगणकावरचे ते चोरीत येते का?" मी म्हणालो, उद्या सांगतो. रात्री झोप आली नाही. सकाळी त्याच्यासमोरच ते काढून टाकले. त्यामुळे दोन महिने वाया गेले आणि मुलांना नव्याने सुरुवात करावी लागली, हेही खरे. दुकानात नोकरी धरणाऱ्याला पुढे तिथले सॉफ्टवेअर शिकावे लागेलच. मात्र रेषा, आकार, थर आणि रंग यांची समज एकदा हातात बसली की दुसरीकडे फक्त बटणांच्या जागा शोधाव्या लागतात.

बटणांच्या जागांवरून आठवले. जुना व्हिडिओ आणि नवे सॉफ्टवेअर अशी जोडी पडली की मुले घाबरतात. इंकस्केपची 1.0 आवृत्ती 2020 मध्ये आली आणि तिच्यात उभ्या मापाची दिशाच बदलली. पूर्वी शून्य खाली होते, ते वर गेले. जुन्या धड्याप्रमाणे आकडा वाढवला की चित्र वर जाण्याऐवजी खाली घसरते. एका मुलाने त्यावर अख्खी दुपार घालवली आणि संगणक बिघडला म्हणून मला बोलावले. आता आम्ही धडा सुरू करण्याआधी तो कोणत्या आवृत्तीवर केला आहे, ते वहीत लिहून घेतो.

या धड्यांत वारली नक्षीवरचाही एक धडा आहे, कापडाच्या किनारीसाठी. तो लागला तेव्हा आमची मुले एकदम सरसावून बसली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की धड, वर वर्तुळ ठेवले की डोके. हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि जिव्या सोमा म्हशे यांना 2011 मध्ये पद्मश्री, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले. आपल्यातील काही वडीलधाऱ्यांना ही चित्रे जुन्या पूजेची वाटतात आणि त्यांची ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. लग्नाचा चौक आम्ही मुलांना काढायला सांगत नाही. तो ज्यांचा आहे त्यांच्याकडे राहू द्यावा. पण भातलावणी, ताडाचे झाड, विहीर आणि नाच यांवर रुसण्याचे कारण मला तरी शास्त्रात सापडत नाही.

एका मुलीने तारपा नाच करायला घेतला. तिने एक आकृती काढली, तिचा फिरण्याचा मध्य बाजूला सरकवला आणि त्याभोवती क्लोन करून चोवीस नर्तकांचे कडे तयार केले. क्लोनचा फायदा असा की मूळ आकृती बदलली की सगळ्या बदलतात. काम झटपट झाले, मीही कौतुक केले. दिवाळीच्या सुट्टीत तिने छापलेला कागद आजीला दाखवला. आजी कधी शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, "यांचे हात कुणाच्याच हातात नाहीत. हे नाचत नाहीत, नुसते उभे आहेत."

सुट्टीवरून परत आल्यावर मुलीने सगळ्या क्लोनांचा मूळ आकृतीशी असलेला दुवा तोडला आणि एकेक नर्तक वेगळा वाकवला, हात हातांत दिले. आठवडा गेला. हे कोणत्याही व्हिडिओत नव्हते.

छपाईच्या वेळी आणखी दोन अडचणी आल्या, त्या इतरांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो. आमचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये होता आणि छापखान्यात जुने फॉन्ट होते, त्यामुळे वेलांट्या भलतीकडे गेल्या. मजकूर आधी पाथमध्ये रूपांतरित करून दिला की अक्षरे जशीच्या तशी छापतात. मात्र नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपावी. दुसरे, पडद्यावरचा गेरूचा रंग कागदावर मळकट उतरतो, कारण पडदा प्रकाशाचे रंग दाखवतो आणि छपाईची शाई वेगळ्या चार रंगांची असते. मोठ्या कामाआधी एक नमुना प्रत पैसे देऊन का होईना काढून घ्यावी. आणि कडेने 3 मिलिमीटर रंग जास्त ठेवावा, नाहीतर कापल्यावर पांढरी रेघ दिसते.

मंडळीच्या वडिलांच्या प्रश्नाकडे परत येतो. मोबाइलवरचा व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागतो आणि मुलाचा हात रिकामाच राहतो. आमच्या खोलीत व्हिडिओ दर अर्ध्या मिनिटाला थांबलेला असतो. शंका असेल तर कोणत्याही शनिवारी येऊन बसावे.

सध्या दोन संगणकांवर सात मुले आळीपाळीने बसतात. तारप्याचे चित्र काढणारी मुलगी दोन लहान मुलींना शिकवते आणि त्यांनी माउस मागितल्याशिवाय स्वतः हात लावत नाही. हे तिला मी सांगितलेले नाही. आपल्या घरी किंवा कचेरीत वापरात नसलेला, पण चालू असलेला लॅपटॉप असेल तर तो आम्हाला चालेल. हेडफोनही हवे आहेत. तीन आहेत, त्यातला एक एकाच कानात वाजतो.