उच्चार आणि उपहास

परकीय भाषेचा उच्चार शिकताना प्रथम मातृभाषेची सवय आड येते. इंग्रजीत 'वेस्ट' म्हणजे पश्चिम. तो उच्चारताना ओठ गोल होतात. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन. तेथे वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. मराठी 'व' या दोहोंच्या मधला असल्याने हा भेद आपल्या कानाला चटकन जाणवत नाही. वय, श्रवण आणि सराव यांचाही प्रभाव पडतो. मात्र सर्वांत घातक घटक म्हणजे उपहास. विद्यार्थिदशेत माझ्या एका उच्चारावर वर्ग हसला आणि वर्षभर मी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही. जीभ सरावाने वळते, भीतीने अडखळते. म्हणून शिक्षक-पालकांनी मुलाला आधी निर्भयपणे बोलू द्यावे. ओठांची ठेवण मागाहून दाखवावी.