चट्टे कातडीवर, तपासणी लघवीची

सोरायसिसच्या रुग्णाला लघवी तपासायला सांगितली की तो बुचकळ्यात पडतो. आजार कातडीचा, त्यात मूत्रपिंड कुठून आलं? २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख ४४ हजार सोरायसिस रुग्णांचा अभ्यास आला. वय, मधुमेह, रक्तदाब यांचा हिशेब वेगळा काढूनही तीव्र सोरायसिस असणाऱ्यांत जुनाट मूत्रपिंडविकाराचा धोका जवळपास दुप्पट निघाला. सौम्य आजारात तो वाढलेला दिसला नाही, त्यामुळे कोपरावर दोन चट्टे असणाऱ्यानं धसका घेऊ नये.

बीडमध्ये मला आजाराइतकीच त्यावरच्या गोळ्यांची काळजी वाटते. ऊसतोडीला गेलेला कोयता, म्हणजे मजूर जोडपं, दिवाळीनंतर महिनोन्‌महिने फडात असतो. ऊन, पोटात पाणी कमी आणि अंग दुखतं म्हणून मेडिकलवरून आणलेली गोळी, सगळा ताण मूत्रपिंडावर. निकाराग्वा, एल साल्वादोरमध्ये मधुमेह नसलेल्या ऊसतोड मजुरांचीही मूत्रपिंडं निकामी झाली. तिथं मोठा संशय उष्णतेवर आणि पाण्याच्या तुटवड्यावरच आहे. सोरायसिस कित्येकांचे सांधे धरतो, म्हणजे दुखण्याच्या गोळ्या आणखी वाढतात. त्यातच सोरायसिसवरचं मेथोट्रेक्सेट चालू असेल तर धोका दुणावतो. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि दुखण्याच्या गोळ्यांनी ते अंगात साचू शकतं. सोरायसिसवरचंच सायक्लोस्पोरिन तर स्वतःच मूत्रपिंडाला इजा करू शकतं. म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना चालू औषधांची चिठ्ठी खिशात हवीच.

‘मग झाडपाला बरा, त्याचा अपाय नाही,’ असं कुणी म्हणेल. पण पुडीत निव्वळ झाडपालाच आहे कशावरून? कातडीच्या रोगांवर दिलं जाणारं रसमाणिक्य हरताळापासून करतात, आणि हरताळात आर्सेनिक असतं. २०२३ मध्ये अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं क्रीममधल्या पाऱ्यानं बिघडल्याचं उघड झालं; तिथं तर काही पोटातही गेलं नव्हतं. माझा रोख जाणत्या वैद्यांवर नाही, घटक न छापलेल्या पुड्या-डब्यांवर आहे.

‘सूज नाही, लघवी साफ होते,’ हाही भरवसा पुरेसा नाही. मूत्रपिंडाचं निम्मं काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिनसुद्धा अनेकदा ठीकच दिसतं. लघवीतली प्रथिनं बरीच आधी सापडू शकतात. शिवाय मूत्रपिंड थकलं की अंगाला खाज सुटते आणि रुग्ण ती जुन्या चट्ट्यांच्या खाती टाकून मलम वाढवतो. तेव्हा गाडी कारखान्याकडे निघण्याआधी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं पाहून घ्यावीत, परतल्यावर पुन्हा. सरकारी दवाखान्यात या तपासण्यांना एक सकाळ पुरते.