अंगणातील शाळा

शाळेत नाव घातले म्हणजे मुलाचे शिक्षण सुरू झाले, अशी समजूत पूर्वी सर्वत्र रूढ होती. त्यापूर्वीची पाच-सहा वर्षे केवळ खाण्याची, झोपण्याची व खेळण्याची, असे वडीलधारी माणसे मानीत. वस्तुतः याच वर्षांत मूल चालावयास, बोलावयास व माणसे ओळखावयास शिकते. त्याच्या मेंदूची वाढही याच काळात सर्वांत वेगाने होते. या वयात ज्याला पुरेसा आहार, माया आणि हातांना काम मिळते, त्याची पुढील वाट सुकर होते. ज्याला ते मिळत नाही, ते मूल पहिलीच्या वर्गात पाऊल टाकतानाच मागे पडलेले असते.

अशी मुले गरिबांच्या वस्तीत फार. इटलीची राजधानी रोम येथील सान लोरेन्झो ही अशीच एक कामगारांची वस्ती होती. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली मुले जिन्यांतून हुंदडत, भिंती खराब करीत. घरमालकांना वाटले, यांच्यावर देखरेख करावयास कोणीतरी हवे. ते काम डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे आले. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी तेथे एक बालगृह उघडले. मुलांच्या उंचीला शोभतील अशी मेजे व खुर्च्या, भोकांत नेमके बसणारे लाकडी दट्टे, बोटांनी गिरवावयाची खरखरीत कागदाची अक्षरे, असे साहित्य त्यांनी मुलांपुढे ठेवले. दांडगी म्हणून गणली गेलेली ती मुले एकेका कामात तासन् तास रमू लागली. मुलाला शिकण्याची ओढ उपजतच असते. त्याला योग्य साधने व मोकळीक मात्र हवी, हे माँटेसरीबाईंनी जगाला दाखवून दिले.

हा विचार भारतात रुजविणाऱ्यांमध्ये सौराष्ट्रातील गिजुभाई बधेका हे अग्रणी होत. व्यवसायाने ते वकील होते. वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. माँटेसरीबाईंच्या साधनांना त्यांनी गुजराती गोष्टी, गाणी, नाटके व मातीकाम यांची जोड दिली. मुले त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. याच बालमंदिरात ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली.

ताराबाईंचे मन एवढ्यावर संतुष्ट नव्हते. विकत घ्यावयाची साधने महाग असत, आणि बालमंदिरे बहुधा शहरांतील सुखवस्तू घरांच्या मुलांसाठी चालत. खेड्यातील गरिबांच्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा हे गाव ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो.

बोर्डीला त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचा विवाह वयाच्या तेराव्या वर्षी झाला होता, आणि अवघ्या सहा महिन्यांत त्यांना वैधव्य आले. ज्या काळात अशा मुलीचे आयुष्य घराच्या कोपऱ्यात संपत असे, त्या काळात त्या नेटाने शिकल्या व शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेतील नोकरी सोडून त्यांनी खेड्याची वाट धरली.

या दोघींनी बालवाडीचे साहित्य गावातच शोधले. शंख-शिंपले, चिंचोके, पाने, खडे, माती आणि बांबूच्या कामट्या हीच त्यांची साधने झाली. लहानमोठे ओळखणे, क्रम लावणे, मोजणे यांसाठी रोमच्या बालगृहात लाकडी ठोकळे होते. बोर्डीच्या मुलांना तेच ज्ञान शिंपल्यांनी दिले. साधन पालटले तरी तत्त्व कायम राहिले.

परंतु काही मुले बालवाडीकडे फिरकतच नसत. ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या व मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबांतील होती. कोणाला शिवाशिवीच्या दुष्ट रूढीने दूर ठेवले होते, तर कोणाला हाताला धरून बालवाडीत आणावयास घरी मोठे माणूसच नसे. मुले येत नाहीत म्हणून त्यांना नावे ठेवणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल, तर शाळेनेच मुलाकडे जावयास हवे, असे त्यांनी ठरविले. वस्तीतीलच एखाद्या अंगणात मुले जमू लागली. तेथे त्यांचे हातपाय स्वच्छ केले जात, मग गाणी, गोष्टी व खेळ होत. वस्तीच्या दारात आलेल्या या बालवाडीला ‘अंगणवाडी’ असे नाव मिळाले.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली लोकांची वस्ती होती. थोरली मुले दिवसभर गुरे राखीत, म्हणून शाळाच कुरणावर नेण्यात आली. तीच ‘कुरणशाळा’ होय. मुलींची अडचण निराळी होती. आई कामावर गेली की धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणे त्यांच्या वाट्यास येई. भावंडाला सोडून शाळेत यावे कसे? यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ निघाली. कडेवरचे मूल पाळणाघरात गेले, आणि ताईला पाटीपुस्तक हाती धरता आले. धाकट्याची काळजी घेतल्यावाचून थोरलीचे शिक्षण होत नाही, हे कोसबाडने शिकविले.

मुलाकडे जाणे म्हणजे केवळ त्याच्या अंगणात जाणे नव्हे. त्याच्या भाषेत जाणेही तितकेच अगत्याचे असते. याचे उदाहरण न्यूझीलंड या दूरच्या देशात सापडते. तेथील मूळच्या माओरी लोकांची मुले शाळेत आपली भाषा बोलली, तर एके काळी त्यांना शिक्षा होई. पुढे पुढे घरांतूनही ती भाषा मावळू लागली. तेव्हा १९८२ साली माओरी लोकांनी ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचे घरटे, या नावाची बालगृहे सुरू केली. तेथे आजीआजोबा लहानग्यांशी माओरी भाषेतच बोलत, गात व गोष्टी सांगत. काही वर्षांतच अशा घरट्यांची संख्या शेकड्यांवर गेली. रोमची साधने आणि बोर्डीचे शिंपले यांप्रमाणेच या मुलांसाठी आजीची भाषा हे शिकण्याचे साधन ठरले.

भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली. प्रारंभी तिचे ३३ प्रकल्प होते. आज देशभर जवळजवळ १४ लाख अंगणवाड्या चालतात. सहा वर्षांखालील बालकांना तेथे पूरक आहार मिळतो, त्यांचे वजन पाहिले जाते, लसीकरणास साहाय्य होते आणि खेळांतून शिक्षणाचा पाया घातला जातो. ताराबाईंना १९६२ साली ‘पद्मभूषण’ आणि अनुताईंना १९८५ साली ‘पद्मश्री’ हा सन्मान लाभला. ताराबाई १९७३ साली व अनुताई १९९२ साली निवर्तल्या.

जी मुले शाळेत आली नाहीत, त्यांचा दोष न काढता ती का आली नाहीत, याचा शोध या दोघींनी घेतला. त्या शोधातून एका वस्तीच्या दारात आलेले ‘अंगणवाडी’ हे नाव आज भारतातील गावोगावी मुलांच्या तोंडी आहे.

स्वाध्याय

१. बोर्डीच्या बालवाडीत कोणते साहित्य वापरीत? ते का निवडले असावे?
२. कुरणशाळा व विकासवाडी कोणत्या अडचणींतून निर्माण झाल्या?
३. ‘साधन पालटले तरी तत्त्व कायम राहिले’ हे विधान पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
४. आपल्या गावातील अथवा जवळच्या अंगणवाडीस भेट द्या व तेथील एका दिवसाचे वर्णन दहा ओळींत लिहा.