कानावरील दाब आणि मातेचे दूध

प्रसूतीनंतर दूध अपुरे येते अशी शंका आली की माता खचते व घरची वडीलधारी मंडळी नाना उपाय सुचवितात. त्यांपैकी कानावर दाब देण्याच्या उपायाचा येथे विचार करू.

चिनी पद्धतीत व्हॅकेरिया वनस्पतीचे मोहरीएवढे बी चिकटपट्टीने बाह्यकर्णाच्या ठराविक बिंदूंवर बसवून दिवसातून काही वेळा हलके दाबतात. कानावर सर्व देहाचा नकाशा कल्पिण्याची आधुनिक मांडणी फ्रान्समधील लिआँ येथील डॉ. पॉल नोजिए यांनी १९५७ साली प्रसिद्ध केली.

बालक चोखू लागताच मातेच्या मेंदूतळीच्या ग्रंथीतून दोन रस रक्तात उतरतात. प्रोलॅक्टिन दूध निर्माण करविते. ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलते. भय, वेदना व चिंता यांनी दुसऱ्याचे कार्य अडते. दाबाने माता निवांत झाली, तर तेवढा लाभ संभवतो. परंतु यासंबंधीचे अभ्यास बहुतांशी लहान असल्याने सारी भिस्त त्यावर ठेवू नये.

खरा आधार निराळाच आहे. जन्मानंतर पहिल्या तासातच पाजावे, चीक टाकू नये, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर घ्यावे. पाचव्या दिवसापासून बाळाचे रोज सहा लंगोट तरी ओले व्हावेत. तसे न झाल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. सुटलेले बी बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नये. कातडी लाल झाल्यास ते काढून टाकावे.

बाळंतिणीच्या कानाला बी लावण्यापूर्वी तिच्या कानी धीराचा शब्द घालावा, हे घरच्यांचे पहिले कर्तव्य होय.