बंद व्हेंटमधून गार हवा येते कुठून?

प्रश्न : माझी गाडी साधी हॅचबॅक आहे, आठ वर्षं जुनी. आईला एसीचा झोत सोसत नाही, म्हणून तिच्या बाजूचा व्हेंट मी पूर्ण बंद करतो. तरी गार हवेची एक बारीक धार तिच्या हातावर लागतच राहते. विमानात डोक्यावरचा छोटा गोल व्हेंट पिळला की हवा साफ बंद होते. मग गाडीच्या व्हेंटला हे का जमू नये?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : विमानातल्या त्या गोल व्हेंटपासूनच सुरुवात करू, कारण त्याची रचना मला फार आवडते. त्यात दोन कामं दोन वेगळ्या भागांवर सोपवली आहेत. झोत वळवतो तो खोबणीत बसवलेला गोळा. कुठल्याही बाजूला कलला तरी गोळा तो गोळाच, त्यामुळे त्याच्या नि खोबणीच्या मधली फट वाढत नाही. हवा बंद करण्याचं काम आतल्या शंकूच्या आकाराच्या बुचाचं. तोंड पिळलं की बूच आणि त्याची गोल बैठक जवळ येतात आणि एकमेकांना सगळीकडून सारखी टेकतात. कोपरा नाही, मधून आडवा जाणारा दांडाही नाही.

गाडीच्या चौकोनी व्हेंटमध्ये पुढे आडव्या पात्या असतात आणि मागे उभ्या. पुढच्या पातीवरची सरकती कळ मागच्या पातीला धरून असते, म्हणून एका बोटाने चारही दिशा मिळतात. वळवण्यापुरतं हे उत्तम आहे. पण स्वस्त गाड्यांत हवा बंद करण्याचं कामही या पात्यांवरच टाकलेलं असतं. त्या टोकापर्यंत वळवायच्या, म्हणजे एकीवर एक चढून तोंड झाकतात. आता सहज फिरायचं तर पातीला दोन्ही टोकांना मोकळीक हवी, आणि हवा अडवायची तर तिथेच घट्टपणा हवा. एकाच पातीकडून दोन्ही मागितलं की ती गळणारच.

जरा बऱ्या गाड्यांत पात्यांच्या मागे वेगळी झडप असते आणि ती बाजूच्या छोट्या चाकाने फिरते. तीही का गळते, याचा हिशेब करून पाहा. झडप १० सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर उंच धरू. क्षेत्रफळ ५० चौरस सेंटीमीटर, कडेची एकूण लांबी ३० सेंटीमीटर. कडेने नुसती १ मिलिमीटर फट राहिली तरी ३ चौरस सेंटीमीटर उघडं राहिलं, म्हणजे तोंडाचा ६ टक्के भाग. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोल झडपेची कडा जेमतेम २५ सेंटीमीटर भरते, शिवाय तिला कोपरे नसतात. त्यातच एक तोंड बंद झालं की नळीतला दाब वाढतो आणि हवा फटीतून जोराने निसटते. धार बारीक असूनही बोचते ती यामुळे.

गळण्याची हमखास जागा म्हणजे झडपेचा दांडा. झडप मधोमध फिरते, म्हणून तिचा वरचा अर्धा भाग चौकटीला एका बाजूने टेकतो आणि खालचा अर्धा दुसऱ्या बाजूने. ही बाजू जिथे बदलते, नेमकं तिथेच दांड्याचं भोक असतं, आणि तिथे सलग कड देणं फार अवघड.

फट ठेवूच नये म्हणावं, तर मे महिना आडवा येतो. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. एबीएस प्लास्टिकचा १० सेंटीमीटरचा तुकडा ५० अंशांनी तापला तर साधारण ०.४ मिलिमीटर लांबतो. झडप आणि चौकट सारख्या वेगाने तापत किंवा निवत नाहीत, त्यामुळे मोकळीक ठेवली नाही तर झडप अडकून बसेल. म्हणून कडेला फोम किंवा रबरासारखी मऊ किनार देतात. ती फार मऊ असेल तर हवा गळते, फार कडक असेल तर चाक फिरवताना बोट दुखतं. फोमचं आयुष्यही बेताचंच. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तो भुसभुशीत होतो आणि एखाद्या दिवशी ब्लोअर जोरात लावला की काळा भुगा सीटवर येऊन पडतो. तुमच्या गाडीत झडप असेल, तर माझा पहिला संशय याच फोमवर आहे.

खात्री घरीच करता येईल. गाडी सावलीत लावा, ब्लोअर एक नंबरवर ठेवा, आईंच्या बाजूचा व्हेंट बंद करा आणि जवळ उदबत्ती धरून धूर कुठे हलतो ते पाहा. पात्यांच्या मधून हलला, तर दोष झडपेचा किंवा पात्यांचा. चौकट आणि डॅशबोर्डच्या सांध्यातून हलला, तर व्हेंट मागच्या नळीला जिथे जोडतो तिथला फोम गेला आहे. आणि खिडकीजवळच्या बारीक खाचेतून हवा येत असेल, तर ती मुद्दाम ठेवलेली असते. बाजूच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत ती कायम चालू असते. ती बुजवू नका. पावसात कुंभार्ली घाट चढताना आरसा दिसतो तो तिच्यामुळे.

व्हेंटमध्ये फडकं मात्र कोंबू नका. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांच्या आसपासच पाणी सुटायला लागतं आणि एसीची हवा त्याहून कितीतरी गार असते. फडकं ओलं राहून कुबट वास धरेल. गॅरेजमध्ये व्हेंट काढून किनारीला नवा फोम लावून घ्या. दांडाच सैल झाला असेल तर पूर्ण व्हेंट बदलणं बरं.

प्रश्न : काही नव्या गाड्यांत पात्या दिसतच नाहीत. मग झोत वळतो कसा?

उत्तर : पातीची रुंदी दोन पात्यांमधल्या अंतराहून कमी असेल, तर बरीचशी हवा न वळता सरळ निघून जाते. पट्टीएवढ्या अरुंद तोंडात रुंद पात्या मावायच्या कशा? २०१७ साली आलेल्या टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये हवेनेच हवा वळवली आहे. मुख्य झोत डॅशबोर्डभर लांब फटीतून येतो आणि दुसरा झोत त्याला ढकलतो. दुसऱ्याचा जोर कमी-जास्त केला की पहिला खाली-वर होतो. डावं-उजवं करणाऱ्या पात्या आत दडवल्या आहेत. इतर काही गाड्यांत नळीच्या भिंतीलाच बाक देतात, कारण हवेचा झोत जवळच्या पृष्ठभागाला धरून वाहतो. रुमानियाचे अभियंते कोआंडा यांच्या नावाने हा गुण ओळखला जातो. घरचा स्प्लिट एसी वर वळवला की हवा छताला धरून लांबवर जाते तीही याच गुणामुळे.

कल्पना सुंदर आहे, पण टेस्लात दिशा बदलायची तर पडद्यावर बोट फिरवावं लागतं आणि ते मला पटत नाही. गाडी चालवताना व्हेंट नजर रस्त्यावर ठेवून नुसत्या हाताला सापडला पाहिजे.